‘झाडीपट्टी संपली’ म्हणणाऱ्यांना

वडसा लाइन
परवा याच धाग्यावर ‘तिसरी घंटा’ या नावाने लिहिणाऱ्यांनी लेख टाकला की 2014 ते 2024 या दहा वर्षांत झाडीपट्टी रंगभूमी, म्हणजे पूर्व विदर्भातली आमची गावोगावची रात्रभराची नाटकं, संपली. आता म्हणे रात्रभर नाचगाणी असतात, आणि नाचणाऱ्यांना कपडे बदलायला वेळ मिळावा म्हणून मधे संवाद. वर पुन्हा, याला रेपर्टरी (एकाच संचाने आलटून-पालटून केलेली अनेक नाटकं) म्हणणं हा तिरुगाटाचा, म्हणजे कर्नाटकातल्या हेग्गोडूच्या फिरत्या नाट्यसंचाचा, अपमान आहे. दोन दिवस गप्प बसलो, आज लिहितोच.

तुमच्याच लेखावरून दिसतं की तुम्ही दोन नाटकं पाहिलीत. दोन्ही एकाच जानेवारीतली, दोन्ही हायवेला लागून असलेल्या गावांतली. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात, नाटक कंपन्यांच्या गावात वाढलो. दिवाळीच्या तोंडावर कंपन्यांच्या कचेऱ्यांवर बोर्ड चढले की आम्हाला हंगाम कळायचा. कंपनीची त्या सालची चार-पाच नाटकं, एकच संच. आज कुरखेड्याकडे एक, उद्या ब्रह्मपुरीकडे दुसरं, परवा गावाने मागितलं ते तिसरं. भाऊबीजेपासून होळीपर्यंत हेच. रेपर्टरी याहून वेगळी काय असते? दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळामागे 1964 पासून केंद्र सरकार आहे, म्हैसूरच्या रंगायणामागे 1989 पासून कर्नाटक सरकार. दोघांबद्दल मला आदर आहे. पण आमच्या कंपनीला पोसतो तो धान विकून तिकीट काढणारा माणूस, आणि तो नाही आला तर दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये डिझेल नसतं.

आता दहा वर्षांचं. 2016 ची भाऊबीज 1 नोव्हेंबरला झाली, हंगाम उघडला आणि 8 तारखेला रात्री नोटा गेल्या. माझे काका गावात नाटक भरवणाऱ्या मंडळाचे खजिनदार. नाटक ठरलेलं, इसार दिलेला, मंडप उभा. गेटवर लोक पाचशेची नोट घेऊन उभे आणि सुटे कुणाकडेच नाहीत. काकांनी वहीत नावं लिहून दीडशे माणसं उधारीवर आत सोडली. चुलत बहिणीच्या लग्नापर्यंत ती वही काकूच्या कपाटात होती. 2020 च्या दिवाळीनंतर आमच्या गावात पडदा उघडलाच नाही. 2024 ला मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचे, दिवस आचारसंहितेत गेले, 20 नोव्हेंबरला मतदान. एवढं अंगावरून गेलं तरी गेल्या हंगामात आमच्या गावात तीन रात्री तीन कंपन्यांची नाटकं झाली. संपलेली गोष्ट अशी असते?

तिसरी घंटा
माझी आजी साकोलीकडची. नव्वदच्या दशकात दर दिवाळीत तिच्याबरोबर मी नाटकाला जायचो, त्यामुळे ‘दोन नाटकं पाहिली’ हे खोटं आहे. लेखात दोनच लिहिली, कारण ती ताजी होती.

तेव्हाचं सांगतो. धान निघालेल्या बांधीत जमीन उतरती खोदलेली, वर तणस पसरलेलं. आजी घोंगडीत मला घेऊन बसायची. चौथ्या अंकात बाप मुलीला ओळखत नाही असा प्रवेश होता, तेव्हा आजूबाजूच्या बायका हुंदके देत होत्या आणि स्टेजवरचा नट बायकांचा आवाज थोडा खाली येईपर्यंत थांबला. पुढचं वाक्य त्याने तेव्हाच घेतलं. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

गेल्या जानेवारीत काय पाहिलं? पोस्टरवर मालिकेतल्या नटाचा फोटो सगळ्यात मोठा. तो आला, दोन प्रवेश केले, गाडीत बसून गेला. बाकी नट प्रॉम्प्टरच्या तोंडाकडे बघत होते. प्रॉम्प्टरचा आवाज मला सातव्या रांगेत ऐकू येत होता आणि नायिकेचा येत नव्हता. करुण प्रवेश सुरू असताना मागून पोरं ओरडली, ‘गाणं लावा’. आणि गाणं लावलं! मी यालाच संपणं म्हणतो. तिकीट खपतं म्हणून नाटक जिवंत आहे असं होत नाही.

पायपेटी
मी साथीला बसतो. बावीस हंगाम झाले. दोघांचंही निम्मं बरोबर आहे.

आधी ऑर्गन, तबला, झिलईला क्लॅरिनेट, असे आम्ही स्टेजच्या पुढ्यात बसायचो. नटाने पट्टी चुकवली तर पुढच्या ओळीत त्याला सांभाळून घ्यायचो. आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, आणि नाचाचं गाणं पेनड्राइव्हवर. माझी नाइट, म्हणजे एका रात्रीचे पैसे, कमी झाली, कारण अर्धा वेळ मी नुसता बसलेला असतो. पण प्रॉम्प्टरवर बोलू नका भाऊ. प्रॉम्प्टर पहिल्यापासून होता. दिवाळीआधी पंधरा-वीस दिवसांच्या तालमीत पाच नाटकं बसवायची तर त्याच्याशिवाय जमणारच नाही. चांगला प्रॉम्प्टर शब्द सांगतो तसा श्वासही सांगतो. तुम्हाला ज्या नटाचं थांबणं आठवतं, त्याला थांबायची खूण पडद्याआडूनच झाली असेल.

पटाची जोडी
सगळे बोलतायत पण मूळ कारणावर कुणी येत नाही. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या आणि तिथून नाटकाची घडी विस्कटली. ही दहा वर्षं नेमकी तिथूनच सुरू होतात ना?

दिवसा पट, रात्री नाटक. पाहुणे पटासाठी यायचे, जेवायचे, रात्री जायचं कुठे, म्हणून नाटक. सोयरिकी तिथे जुळायच्या. माझी स्वतःची तशीच जुळली. पट गेला तसे लांबचे पाहुणे यायचे थांबले. मंडळाला गेट भरवायला दुसरं काहीतरी हवं होतं, मग नाच आला. 2017 ला राज्याने कायदा बदलला तरी प्रकरण कोर्टातच अडकलं. परवानगी मिळाली ती 16 डिसेंबर 2021 ला. साडेसात वर्षांत एक पिढी पट न बघता मोठी झाली.

सालई
पटाबद्दल गळा काढणाऱ्यांनी बैलाच्या बाजूनेही एकदा बोलावं.

आमच्या घरी पटाची जोडी होती. वडिलांचा जीव होता त्यांच्यावर, पेंड आधी त्यांना, मग आम्हाला दूध. पण पटाच्या दिवशी तेच वडील पराणी, टोकाला खिळा लावलेली काठी, हातात घ्यायचे. मी दहा वर्षांची असताना आमचा डावा बैल धावेच्या शेवटी पडला आणि पुढचा पाय मोडला. त्याच्या पुठ्ठ्यावर खिळ्याची भोकं होती, मी मोजली होती, अकरा. त्याच रात्री गावात नाटक होतं आणि वडील गेले नाहीत. नंतर कधीच गेले नाहीत. तेव्हा पटामुळे नाटक जगतं, हे मला सांगू नका. आमच्या घरातलं नाटक पटानेच बंद केलं.

पटाची जोडी
ताई, तुमच्या बैलाचं वाईट वाटलं. पण एका घरातल्या चुकीवरून चार जिल्ह्यांतले शेतकरी कसाई ठरत नाहीत. आज नियम आहेत, पराणीला बंदी आहे, डॉक्टर तपासतो. 18 मे 2023 ला घटनापीठानेही कायदा मान्य केला. कोर्टाला तुमच्यापेक्षा कमी कळतं का?

सालई
घरातली चूक? वडील त्या गावातले सगळ्यात मऊ मनाचे होते. त्यांच्या हातून हे झालं, तर बाकीच्यांचं काय बोलायचं. आणि कोर्ट 2014 ला बरोबर नव्हतं, 2023 ला बरोबर झालं, हा तुमचा सोयीचा न्याय आहे. पराणीला बंदी आहे म्हणता. शेपटी पिरगाळायला कुणाची परवानगी लागते?

पटाची जोडी
तुम्ही आता नागपूरला फ्लॅटमध्ये राहत असाल. ज्याच्या गोठ्यात बैल आहे त्याला शिकवू नका. पट बंद झाला तेव्हा लोकांनी देखण्या जोड्या विकल्या. कुठे गेल्या त्या? त्याचं उत्तर द्या.

सालई
मी अजून गावातच राहते, चार एकर धान करते. न विचारता फ्लॅटमध्ये टाकलंत त्याबद्दल आधी माफी मागा, मग पुढचं.

कोहमारा फाटा
तुमच्या बैलांनी धागा नेला कुठल्या कुठे. आमच्या गावात पट कधीच नव्हता, मंडई होती आणि आहे. पट बंद असतानाही मंडईचं नाटक एक साल चुकलं नाही, करोना सोडून. म्हणजे पटाचं कारण सगळीकडे लागू नाही.

आमचं रडगाणं वेगळं. लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. सरकार सवलत देतं ती बारापर्यंतची, तीही वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस. आमचं नाटक सुरूच होतं साडेदहा-अकराला, कारण लोक जेवून, ढोरं बांधून येतात. म्हणजे नियमाने बघितलं तर प्रत्येक नाटक बेकायदा. मंडळाचा सचिव ठाण्यात जातो, हात जोडतो, साहेब चांगला असला तर डोळेझाक करतो. मी तीन वर्षं सचिव होतो. एका साली दुसऱ्या अंकात माइक बंद करायला लावले. नट तसेच बोलत राहिले, आणि लोक जागचे उठून स्टेजच्या जवळ येऊन बसले. अख्खं नाटक तसं झालं. त्या रात्री प्रॉम्प्टरसुद्धा कुजबुजत होता.

नाइटवाली
इतका वेळ वाचतेय. बैल झाले, माइक झाले, पायपेटी झाली. बाईवर एकही ओळ नाही, उल्लेख आला तो ‘नाचणाऱ्यांना कपडे बदलायला वेळ’ एवढाच.

मी नऊ हंगाम नायिका केली. गाव म्हणजे माझ्यासाठी टेम्पो, शाळेची खोली, स्टेजमागची ताडपत्री आणि परत टेम्पो. पहाटे पाचला मेकअप न काढता निघायचं, कारण पुढचं गाव जंगलापलीकडे आणि उजाडायच्या आत वाघाच्या रस्त्यावर थांबायचं नाही. मुलगी आईकडे. नाइट झाली तर पैसे. ताप आला तर नाइट नाही. एका कंपनीने माझ्या अकरा नाइटा बुडवल्या, नाव घेत नाही, मालक आता हयात नाहीत.

2018-19 पासून मंडळं विचारायला लागली, ‘मॅडम नाचतात का?’ मी म्हटलं, नाचते, कथेत असेल तर. मग माझ्याबरोबर दोन मुली वेगळ्या यायला लागल्या, फक्त नाचायला. त्यांना माझ्यापेक्षा जास्त मिळायचं आणि त्यांच्यावर नोटा उधळायचे. पहिल्यांदा मला राग यायचा. मग एकीला स्टेजमागे पायातले घुंगरू सोडता सोडता झोप लागलेली बघितली, वय एकोणीस. त्यानंतर राग त्यांच्यावर उरला नाही.

तिसरी घंटा, तुम्ही म्हणता नायिकेचा आवाज सातव्या रांगेत आला नाही. ती सलग कितवी रात्र होती, ते विचारलंत?

वडसा लाइन
ताई, मी वरच्या माझ्या लेखात हे लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. काकांची वही आठवली, पण त्या रात्री कलाकारांना पैसे कसे दिले ते मला माहीत नाही. आत्ताच काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘अर्धे दिले, अर्धे मालकाकडं राह्यले.’

तिसरी घंटा
नाही विचारलं. त्या नायिकेच्या आवाजाबद्दल लिहिलेलं वाक्य मागे घेतो, आणि कपडे बदलण्याचंही.

बाकीचं मागे घेत नाही. उलट, ताईंनी सांगितलं त्याने माझंच म्हणणं पक्कं झालं. नाटकातली नटी स्वस्त आणि नाच महाग, हे गावाने ठरवलं. रेपर्टरीवर मात्र नमतं घेतो. संच आहे, फिरता हंगाम आहे, पाच नाटकं आहेत, तर ती रेपर्टरी आहे. फक्त तिरुगाटात कलाकाराला हंगामभर राहणं-जेवणं-मानधन बांधलेलं असतं, आपल्याकडे नाइट. केंद्राच्या रेपर्टरी अनुदानात कलाकाराला महिन्याकाठी मानधन मिळतं. वडशातल्या किती कंपन्यांनी त्यासाठी अर्ज केला?

पायपेटी
अर्जाला नोंदणी लागते, ऑडिट लागतं, मागच्या वर्षांचे हिशेब लागतात. आमचा हिशेब मालकाच्या खिशातल्या डायरीत. 2023 ला परशुराम खुणेंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा वडशात पेढे वाटले, मीही खाल्ले. पाच हजारांच्या वर प्रयोग केलेला माणूस, त्याला मिळालं ते योग्यच. पण त्या पाच हजार रात्रींत त्यांच्यामागे पेटीवर कोण होतं, त्यांतल्या एकाला तरी म्हातारपणी पेन्शनचा कागद भरता आला का, हे बघायला हवं. प्रयोग केल्याचा पुरावा मागतात. आमच्याकडे पुरावा म्हणून पोस्टर, आणि पोस्टरवर साथीदाराचं नाव बारीक टायपात, नाहीतर नाहीच.

पटाची जोडी
सालईताई, फ्लॅटचं बोललो ते चुकलं. पटावर माझं मत तेच आहे.

सालई
माझंही.

वडसा लाइन
नाचाबद्दल तिसरी घंटांचं एक म्हणणं मान्य करावं लागतंय, मनाविरुद्ध. गेल्या हंगामातल्या तीन रात्रींपैकी एका रात्री मी दोन वाजता उठून घरी आलो. लेखात ते लपवलं.

पण तिसऱ्या रात्रीचं लिहितो, कारण तेही खरं आहे. जुनी कंपनी, बाहेरचा नट एकही नाही. चार वाजले होते, थंडी कडाक्याची, पोरं तणसात झोपलेली. शेवटच्या प्रवेशात म्हातारा आपली जमीन विकल्याचा कागद मुलासमोर ठेवतो. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. ‘गाणं लावा’ कुणी म्हटलं नाही. ते नाटक या दिवाळीनंतर पुन्हा लावायचं मंडळात चाललंय. नाइटवाली ताई, मी या साली मंडळात आहे. कलाकारांचे पैसे नाटक संपल्यावर स्टेजमागे, प्रत्येकाच्या हातात, हा ठराव मी मांडणार आहे. कंपनीचा मालक चिडेल आणि कदाचित तारीखही देणार नाही.

नाइटवाली
नाटक संपल्यावर नको. तिसऱ्या अंकाच्या आधी द्या. संपल्यावर टेम्पोवाला थांबत नाही.