मदत हवी आहे: अमेरिकेतल्या सरकारी जमिनींची विक्री थांबवायला सिनेटरपर्यंत आवाज पोचवायचा कसा?

पायवाट | २४ जून २०२५

लोकहो, तातडीने मदत हवी आहे. त्या बिलावर याच आठवड्यात मतदान होईल असं दिसतंय आणि मला अजून एकाही ऑफिसात धड बोलता आलेलं नाही. सिनेटरांच्या वेबसाइटवरचा फॉर्म पत्त्यापाशी अडतो, पुढे जातच नाही. फोन केला की व्हॉइसमेल, तोही भरलेला. एका ठिकाणी माणूस भेटला, त्याने झिप कोड विचारला आणि "निरोप पोचवतो" म्हणून अर्ध्या मिनिटात फोन ठेवला. थेट ईमेल कुणाचाच सापडत नाही.

आम्ही दर शनिवारी-रविवारी ज्या टेकड्यांवर चालतो त्या उद्या कुणाच्या तरी मालकीच्या होतील आणि आपण काहीच केलं नाही, हे मला सहन होत नाहीये. एकदा विकलेली जमीन परत मिळत नसते. ज्यांनी हे आधी केलंय त्यांनी नेमकं काय करायचं ते सांगा. ऑनलाइन पिटिशनवर सही करा असं कृपया सांगू नका, ती केली आहे.

निवांत | २४ जून

कुठलं बिल? कुठलं राज्य? कुणाला फोन केलात? एवढं तरी सांगा, मग काहीतरी सुचवता येईल.

तेजू_डेन्व्हर | २४ जून

काळजी करू नका ताई, नॅशनल पार्क यात नाहीत. आम्ही दरवर्षी ८० डॉलरचा वार्षिक पास काढतो, एका गाडीतल्या सगळ्यांना चालतो. चौथीत मूल असेल तर त्याच्या नावावर फुकट मिळतो. उन्हाळ्यात यलोस्टोनला जायचं असेल तर मुक्कामाचं आत्ताच बघा, आयत्या वेळी काही मिळत नाही.

पायवाट | २४ जून

तेजू, पास आहे माझ्याकडे. पार्क विकणार नाहीत हेही माहीत आहे. प्रश्न ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट (बीएलएम) आणि फॉरेस्ट सर्व्हिस या फेडरल सरकारी खात्यांच्या ताब्यातल्या जमिनींचा आहे.

निवांत, बिल म्हणजे ते सध्या गाजतंय तेच, बजेटचं मोठं बिल. त्यात सिनेटच्या एनर्जी कमिटीने जमीनविक्रीचं कलम घातलंय. म्हणून त्या कमिटीतल्या सिनेटरांना एकेक करून फोन करतेय आणि फॉर्म भरतेय.

कायदा_कलम | २४ जून

इथेच गाडी अडली आहे. कमिटीतले सिनेटर तुमच्या राज्याचे आहेत का? नसतील तर त्यांचा फॉर्म तुमचा झिप कोड घेणारच नाही. बहुतेक ऑफिसांत फॉर्मची सोयच तशी असते. तुम्ही त्यांच्या मतदारसंघातल्या रहिवासी नसाल तर फोनवर ऐकून घेतात, पण नोंद धरतातच असं नाही. राज्य सांगा.

पार्श्वभूमी ज्यांना नाही त्यांच्यासाठी: सिनेटर माइक ली यांनी जूनमध्ये आणलेल्या कलमानुसार बीएलएम आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या एकूण जमिनीपैकी ०.५ ते ०.७५ टक्के जमीन पाच वर्षांत विकायची होती. म्हणजे २२ ते ३३ लाख एकर. पश्चिमेकडची ११ राज्यं यात येतात, मोंटाना वगळलंय. मतदान रिकन्सिलिएशन या बजेटसाठीच्या खास मार्गाने आहे, त्यामुळे ६० मतं लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. घाई आहे ती त्यामुळेच.

गणिती | २४ जून

दुसरी बाजूही मांडतो. फेडरल सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, देशाच्या पाव हिश्शाहून जास्त. नेवाडाची ८० टक्के जमीन सरकारची. तरुण जोडप्यांना घर परवडत नाही आणि त्यातला अर्धा टक्का घरांसाठी दिला तर एवढं आकाश कोसळतं का? लास व्हेगासच्या आसपास १९९८ च्या कायद्याने लिलाव होतच आले आहेत, तिथे वस्ती उभी राहिली.

पायवाट | २४ जून

अर्धा टक्का कुठला, ते बघा ना! निर्जन वाळवंटातला तुकडा कुणी बिल्डर घेणार नाही. तिथे पाणी नाही, रस्ता नाही, वीज नाही. विकली जाणार ती गावाला लागून असलेली, जिथे लोक रोज संध्याकाळी कुत्र्याला घेऊन जातात ती.

आमच्या इथे डांबरी रस्ता संपला की गुरं अडवायची लोखंडी जाळी लागते. तिच्यावरून गाडी खडखडत गेली की पुढे बीएलएमची तपकिरी पट्टी रोवलेली दिसते, बास. ना गेट, ना तिकीट, ना पहारेकरी. पाऊस पडून गेल्यावर सेजब्रशच्या झुडपांचा असा काही वास सुटतो की गाडीच्या काचा खाली कराव्याच लागतात. माझी मुलगी तिथे चालायला शिकली. तिथे तिला कुणीही विचारलेलं नाही की तू कुठली, कुणाची. इतकी मोकळी जागा मला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.

राज्य आयडाहो. बॉइसी.

कायदा_कलम | २४ जून

आधी गणिती यांना: व्हेगासचं उदाहरण दिलंत ते अर्धंच दिलंत. त्या कायद्यात विक्रीचा ८५ टक्के पैसा वेगळ्या खात्यात जातो आणि त्याच भागातली बागा, पायवाटा, संवेदनशील जमिनींची खरेदी यांवर खर्च होतो. १० टक्के तिथल्या पाणीपुरवठा संस्थेला, ५ टक्के राज्याच्या शिक्षणनिधीला. शिवाय १९७६ च्या कायद्यानेही बीएलएमला विक्री करता येते, पण त्याआधी त्या भागाचा जमीनवापर आराखडा आणि लोकांची मतं विचारात घ्यावी लागतात. विक्री कधीच नको असं कुणी म्हणत नाहीये. बजेटची तूट भरायला किती टक्के विकायचं तो आकडा आधी ठरवायचा आणि जमीन मग शोधायची, हे उलटं आहे.

आता ताई, आयडाहो असेल तर तुमचं काम सोपं आहे. तुमचे दोन्ही सिनेटर, रिश आणि क्रेपो, दोघेही रिपब्लिकन, त्यांनी गेल्या आठवड्यातच या विक्रीला विरोध जाहीर केलाय.

पायवाट | २४ जून

विरोध जाहीर केलाय ते वाचलं. म्हणूनच तर कमिटीतल्या बाकीच्यांच्या मागे लागले. आपलेच लोक आपल्याच बाजूने असतील तर त्यांना फोन करून काय साधणार?

रानभूल | २४ जून

पुष्कळ साधतं! माझ्या मुलीने गेल्या वर्षी एका काँग्रेसमनच्या ऑफिसात इंटर्नशिप केली. दिवसभर फोन घेणं हेच तिचं काम. प्रत्येक फोनची नोंद व्हायची: नाव, झिप कोड, विषय, बाजूने की विरोधात. दिवसअखेर विषयवार आकडे वर जायचे. तुम्हाला अर्ध्या मिनिटात वाटेला लावलं असं वाटलं, पण तुमच्या राज्यातलं ऑफिस असेल तर तेवढ्या वेळात नोंद झाली असेल.

तिने सांगितलेल्या दोन गोष्टी. एकाच मजकुराची शेकडो पत्रं आली की त्यांचा एक गठ्ठा होतो आणि सगळ्यांना एकच छापील उत्तर जातं. पण कुणी स्वतःच्या शब्दांत, जागेचं नाव घेऊन लिहिलं की ते बाजूला काढून ठेवलं जातं. वर जे सेजब्रशचं लिहिलंत ना, तेच इंग्रजीत सांगा.

आणि विरोध जाहीर केलेल्यांना फोन जास्त महत्त्वाचे. कलम मोठ्या बिलात आहे. उद्या पक्षाचा दबाव आला की "मी विरोध नोंदवला होता" म्हणून बिलाला मत देऊन मोकळं होता येतं. त्यांना सांगायचं की धन्यवाद, पण हे कलम अंतिम मसुद्यात राहिलं तर तुमचं मत काय असेल ते स्पष्ट हवंय.

एच१बी_प्रवासी | २४ जून

माझा सल्ला विचाराल तर यात पडूच नका. व्हिसावर असताना राजकारण कशाला? सध्याचे दिवस बघताय ना? नाव, पत्ता, फोन नंबर स्वतःहून सरकारी ऑफिसात नोंदवायचा? मुलंबाळं आहेत आपल्याला.

निवांत | २४ जून

त्या व्हिसावर आहेत असं कुठे म्हणाल्या?

पायवाट | २४ जून

ग्रीन कार्ड आहे. सिटिझन नाही. त्याने फरक पडतो का? हे मनात होतंच, नवराही तेच म्हणतोय.

कायदा_कलम | २४ जून

नाही पडत. सरकारकडे दाद मागायचा हक्क पहिल्या घटनादुरुस्तीत आहे आणि तिथे "नागरिक" असा शब्द नाही, "लोक" आहे. प्रतिनिधी मतदारसंघात राहणाऱ्या सगळ्यांचा असतो, जनगणनेतही सगळे मोजले जातात. फोनवर नागरिकत्व विचारत नाहीत, झिप कोड विचारतात. आपण होऊन "मी मतदार आहे" मात्र म्हणू नका, कारण तुम्ही नाही. "मी इथली रहिवासी आहे" म्हणा.

पैशांचं वेगळं आहे. निवडणुकीला देणगी ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, एच१बीवाले देऊ शकत नाहीत. त्यात गल्लत नको.

एच१बी_प्रवासी | २५ जून

कायद्याने चालतं हे मला ठाऊक आहे हो. मी भीतीबद्दल बोलतोय. दहा वर्षं रांगेत उभा आहे, सगळं एका अर्जावर टांगलेलं आहे. तुमची टेकडी मलाही आवडते.

रानभूल | २५ जून

तुमची भीती खरी आहे, तिला कुणी खोटं म्हणत नाही. तुम्ही नका करू. ज्यांना करता येईल ते करतील, तुमच्याही वाटचं.

देशावरचा | २५ जून

अवांतर होतंय, पण राहवत नाही. आमच्या गावाला गायरान होतं. लहानपणी गुरं तिथेच चरायची, क्रिकेट तिथेच. आता निम्म्यावर अतिक्रमण आणि उरलेलं कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सांगितलं होतं की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढून त्या गावाला परत द्या. निकाल छान आहे, पण तो घेऊन तहसीलमध्ये खेटे घालणारा माणूस गावात पाहिजे. तुम्ही विकायच्या आधी जाग्या झालात. आम्ही नंतर झालो.

गणिती | २५ जून

गायरान आणि बीएलएम यांची तुलना होत नाही. इथे गुरं चारायला परवाना आणि भाडं लागतं.

देशावरचा | २५ जून

तुलना मी भाड्याची करत नव्हतो.

बोस्टनकर | २५ जून

आम्ही पूर्वेकडे राहतो, इथे बीएलएमची जमीन नावालाच. तरी फोन करावा का?

कायदा_कलम | २५ जून

अवश्य करा. ती जमीन कागदोपत्री तुमचीही आहे, आणि मत शंभरही सिनेटर देतात. कॅपिटॉलचा (संसद भवनाचा) स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. राज्य सांगा, ऑपरेटर जोडून देईल.

ताजं असं की सिनेटच्या पार्लमेंटेरियननी (कामकाजाच्या नियमांचा सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यांनी) सोमवारी रात्री हे कलम रिकन्सिलिएशनच्या नियमांत बसत नाही असं सांगितलं. म्हणून ली आता सुधारित मसुदा आणतायत: फॉरेस्ट सर्व्हिस वगळायची आणि बीएलएमची फक्त वस्तीपासून पाच मैलांच्या आतली जमीन विकायची. एकर कमी झाले, पण पायवाटताई म्हणत होत्या नेमकी तीच जमीन उरली. सैल पडू नका.

पायवाट | २५ जून

पाच मैल म्हणजे आमची अख्खी टेकडी. बॉइसीच्या लोकांनी २००१ मध्ये स्वतःवर एक कोटी डॉलरचा कर लावून घेतला होता, याच टेकड्यांवरची मोकळी जमीन राखायला. एका हाताने लोकांनी घेतलेली जागा आणि तिला खेटूनच दुसऱ्या हाताने विकलेली, असं होणार का?

मला आता सरळ सांगा, उद्या सकाळी मी काय करू?

रानभूल | २५ जून

सकाळी सात वाजता वॉशिंग्टनच्या ऑफिसला फोन लावा. तुमचे सात म्हणजे तिथले नऊ, त्या वेळी माणूस मिळतो. लागला नाही तर बॉइसीतल्या ऑफिसला लावा, तिथे गर्दी कमी असते. नाव, गाव, झिप कोड. मग एकच वाक्य मागणीचं: सरकारी जमिनीच्या विक्रीचं कोणतंही कलम बजेट बिलात नको. मग तुमची जागा, नाव घेऊन, दोन वाक्यांत. शेवटी विचारा की यावर सिनेटरांची भूमिका मला लेखी कळवाल का. टपालाने पत्र पाठवत बसू नका, कॅपिटॉलचं टपाल तपासणीत फार दिवस अडकतं.

आणि स्थानिक पेपरच्या संपादकांना पत्र लिहा, त्यात सिनेटरचं नाव असू द्या. नावाची कात्रणं त्यांच्या ऑफिसात रोज गोळा होतात.

निवांत | २५ जून

शिकारी आणि मासेमारीवाल्यांना बरोबर घ्या. २०१७ मध्ये युटाचे जेसन चॅफेट्झ यांनी ३३ लाख एकर विकायचं बिल आणलं होतं. सगळ्यांत मोठा आवाज शिकाऱ्यांनी केला आणि काही दिवसांत त्यांना ते मागे घ्यावं लागलं. आयडाहोत तर लोकांनी बघितलंय. २०१६ मध्ये लाकूड कंपनीची पावणेदोन लाख एकरांच्या आसपास जमीन बाहेरच्या धनिकांनी घेतली आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीला जात होते त्या रस्त्यांवर गेटं लागली. ती खाजगीच होती, तरी लोकांनी तेव्हा बंद गेट म्हणजे काय ते पाहिलं.

पायवाट | २६ जून

दोन्ही ऑफिसांत माणूस मिळाला. एकीने मला जागेचं स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. लेखी उत्तर मागितलंय. शेजारी एल्कच्या (मोठ्या हरणांच्या) शिकारीला जाणारे एक आजोबा आहेत, त्यांना सांगितलं तर म्हणाले, मी आधीच केलाय, आता बायकोला आणि दोन्ही मुलांना लावायला सांगतो.

कायदा_कलम | २९ जून

काल रात्री ली यांनी कलम मागे घेतलं. बिलात आता जमीनविक्री नाही.

तेजू_डेन्व्हर | २९ जून

अभिनंदन ताई!! आता यलोस्टोनचं ठरवा.

पायवाट | २९ जून

वाचलं, रडू आलं. सगळ्यांचे आभार, रानभूल तुमचे विशेष.

पण २०१७ ला मागे घेतलं आणि २०२५ ला परत आलं, म्हणजे पुन्हा येणारच. हाउसमध्ये (प्रतिनिधीगृहात) झिंकी आणि व्हास्केझ या प्रतिनिधींचं एक बिल आहे, लोकांना जाता येतं अशी मोठी सरकारी जमीन काँग्रेसच्या (संसदेच्या) मंजुरीशिवाय विकता येऊ नये असं. त्याला आमच्या जिल्ह्यातल्या प्रतिनिधीचा पाठिंबा मागायचा तर फोन करू की ऑफिसात भेटायची वेळ घेऊ? ग्रीन कार्डवाल्यांना भेट देतात का? आजोबा बरोबर यायला तयार आहेत.

कायदा_कलम | २९ जून

देतात. वेळ घ्या, ४ जुलैच्या सुट्टीत प्रतिनिधी बरेचदा जिल्ह्यात असतात. आजोबांना पुढे बसवा.