मारिमेक्को केनेडीबाईंच्या आधीही होतं

काठपदर
काल इथे कुणीतरी लिहिलं की मारिमेक्को ही फिनलंडची कापड-कपड्यांची कंपनी म्हणजे एक खसखशीचं फूल आणि जॅकलिन केनेडींनी घेतलेले झगे, बाकी सगळी जाहिरात. वाचून राहवलं नाही. व्हिल्यो रातियांची प्रिन्टेक्स ही मूळ मेणकापडाची कंपनी. त्यांच्या पत्नी आर्मी रातियांनी तिथे तरुण कलाकारांकडून नक्ष्या करून घेतल्या. कापड लोकांना आवडलं, पण त्याचं शिवायचं काय ते कळेना. ते दाखवायला मे १९५१ मध्ये हेलसिंकीत कपड्यांचा शो केला, आणि त्यातूनच मारिमेक्को उभं राहिलं. केनेडींची खरेदी १९६० ची, आणि ते फूल, युनिक्को, त्याहून उशिरा, १९६४ चं. आधी तारखा बघा, मग लिहा.

उभाधागा
तारखा मान्य. पण अमेरिकेत घराघरात नाव पोचलं ते डिसेंबर १९६० च्या स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड मासिकाच्या मुखपृष्ठावर केनेडी मारिमेक्कोच्या झग्यात दिसल्या त्यामुळेच. आणि १९५३ ची पिक्कोलो ही त्यांची पट्ट्यांची नक्षी, तिचं लोक एवढं कौतुक करतात ते कशाला? दोन रंगांच्या पट्ट्या एकमेकींवर चढल्या की तिसरा रंग होणारच.

रंगखातं
"होणारच" म्हणणाऱ्याने एकदा छपाईच्या टेबलाशी उभं राहावं! रंग पारदर्शक असेल तरच तिसरा रंग मिळतो. रंगाच्या पेस्टमध्ये झाकणारा पांढरा पिगमेंट असेल तर वरचा रंग खालच्याला गिळतो. पहिला रंग फार ओला राहिला तर दुसऱ्या स्क्रीनच्या (ज्यातून रंग दाबून छापतात त्या जाळीच्या चौकटीच्या) पाठीला लागतो आणि पुढच्या छापात डाग उठतात. म्हणून सहसा फिका आधी, गडद नंतर. पेस्ट पातळ झाली की कड फुटते. घट्ट झाली की जाळी भरते आणि पट्टीत टाचणीएवढी पांढरी भोकं दिसतात.

सगळ्यात त्रास सांध्याचा. सपाट स्क्रीनने उभी सलग पट्टी छापताना दोन छाप मिलीमीटरभर चढले तर गडद रेघ, मिलीमीटरभर सुटले तर पांढरी. कड रुळासारखी सरळ असेल तर चूक लांबून ओळखू येते. पिक्कोलो बेतणाऱ्या व्हुओक्को नुर्मेस्निएमींच्या पट्टीची कड ब्रशने ओढल्यासारखी आहे, तिथे सांधा मुरून जातो.

उभाधागा
मग रोटरी, म्हणजे गोल फिरणारा नळकांड्यासारखा स्क्रीन वापरा. सांधाच नाही.

रंगखातं
पट्ट्यांना चालेल. पण नेहमीच्या रोटरी स्क्रीनचा घेर ६४ सेंटीमीटरच्या आसपास. नक्षीचा रिपीट, म्हणजे ती जिथून पुन्हा सुरू होते ते अंतर, तेवढाच, नाहीतर त्याला नेमका भाग जाईल असा. मारिमेक्कोच्या नक्षीकार माइया इसोला यांच्या थोराड नक्ष्या त्यात कोंबायच्या कशा? त्यांना सपाट स्क्रीनच हवा.

उभाधागा
बरं, छपाईपुरतं मागे घेतो. पण २०१३ चं काय? मेत्सॅनवॅकी ही नक्षी युक्रेनच्या मारिया प्रिमाचेन्कोंच्या चित्रावरून उचललेली निघाली, आणि तोवर ती फिनएअरच्या विमानावरही चढली होती.

काठपदर
ते चुकलंच, त्याची बाजू मी घेणार नाही. उलट म्हणूनच जास्त लागतं, कारण ज्यांच्या कापडाच्या किनारीवर नक्षीकाराचं नाव छापलेलं असतं, त्यांनी तरी हे करायला नको होतं.

शिलाईमार्क
नावांचं निघालंच आहे तर, १९५१ च्या त्या शोमधले कपडे बेतले रीत्ता इम्मोनेन यांनी. त्या मारिमेक्कोच्या संस्थापकांपैकी एक. वर इतकी नावं आली, इम्मोनेनबाईंचं एकानेही घेतलं नाही. काठपदर, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये ते घाला.

काठपदर
बरोबर आहे. राहिलं. घालतो.