मदत हवी आहे: जीवाश्मांवरची इंटर्नशिप, मे-जून

नमस्कार मंडळी. मी नाशिकला बीएस्सी भूविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात सहा ते आठ आठवडे एखाद्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जीवाश्मांचं काम शिकायचंय. दालनात उभं राहून माहिती सांगण्यापेक्षा मला आतल्या खोलीतलं काम हवंय: नमुना साफ करणं, तडे गेलेलं हाड जोडणं, नोंदवहीत क्रमांक टाकणं.

कॉलेजच्या सहलीत मिळालेल्या चर्टच्या (गारेसारख्या कठीण दगडाच्या) तुकड्यातून फायसा या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचा जीवाश्म शंख सुईने मोकळा करत होते. चार तास गेले आणि शेवटच्या वेढ्याशी टोकाचा टवका उडाला. तेव्हापासून हे हात धरून शिकवणाऱ्या माणसाकडूनच शिकायचं ठरवलंय. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीच्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष सापडले होते, म्हणून सस्तन प्राण्यांची हाडं पहिली पसंती.

आतापर्यंत पाच ठिकाणी मेल केले. एका ठिकाणाहून 'फक्त एमएस्सीचे विद्यार्थी घेतो' असं उत्तर आलं, बाकीचे गप्प. विभागप्रमुखांचं पत्र, गुणपत्रिका, विद्यार्थी विमा तयार आहे. मानधन नको, पण राहण्याचा खर्च महिना सहा हजारांच्या वर झेपणार नाही. पुण्यात मावशी आहे, तिथे राहायचा प्रश्न नाही. कोलकाता, लखनौलाही जायची तयारी आहे.

बीएस्सीच्या मुलांना प्रत्यक्ष संग्रहाच्या कामात घेणारं ठिकाण कुणाला स्वतःच्या अनुभवातून माहीत आहे का? आणि अर्ज संचालकांच्या नावे करायचा, की थेट जीवाश्म विभागातल्या क्युरेटरला (संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) लिहायचं?