गच्चीवरची काजळी आन फुफ्फुसातल्या पेशी, नेमकं होतं काय?

जालनेकर७
घर जालन्यात, एमआयडीसीपासून जवळच. सकाळी दोरीवरचे कपडे झटकले की काळं काळं उडतंय. आईला हिवाळ्यापासून खोकला, डॉक्टर म्हणले धुळीचा त्रास आहे, पंप दिला. पण धूळ तर नाकात अडकती, शिंकरलं की जाती, मग ती आत जाऊन पेशी मारती म्हणजे कशी मारती? विष असतंय का नुसती टोचती? सोप्या भाषेत सांगा राव.

काचपट्टी
कपड्यावर दिसती ती काजळी त्यातल्या त्यात बरी हो, ती जाड असती, नाकाघशातच अडकती. खरी भानगड पीएम २.५ ची, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आन त्याहून बारीक कण, आपला केस ५०-७० मायक्रॉन जाड असतो, आता काढा हिशोब. हे कण पार वायुकोशात, म्हणजे फुफ्फुसाच्या टोकाच्या हवेच्या बारीक पिशव्यांत जातात. तिथं शेंबूड नाही, झाडून काढणारे केस नाहीत, राखणीला फक्त भक्षक पेशी. ती कण गिळती आन पचवायच्या पिशवीत टाकती. जंतू पचतो, पण कार्बन आन धातू कसा पचणार? दगडाच्या धुळीतल्या सिलिकानं तर ती पिशवीच फाटती, आतला पाचक रस पेशीतच सांडतो. कणावरचं लोखंड, तांबं ऑक्सिजनचे फ्री रॅडिकल, म्हणजे दिसंल त्याच्याशी भिडणारे रेणू तयार करतं, ते पेशीचं आवरण, डीएनए, मायटोकॉन्ड्रिया (पेशीचं वीजघर) सगळं कुरतडतात. पेशीकडं ग्लुटाथायोन असतं ते निस्तरायला, ते संपलं की खेळ खल्लास. मग पेशी एकतर गुपचूप दुकान बंद करती नाहीतर फुटती, आन फुटली की आतला माल बाहेर, त्या हाकेला अजून पेशी धावतात, सूज वाढती. आन गिळलेला कण तसाच बाहेर पडतो, दुसरी पेशी येऊन परत तोच गिळती! म्हणून विष का टोचणं, तर दोन्ही.

पाटोदेकर
आमचा आजा आयुष्यभर चुलीपुढं बसला, ८५ वर्षं जगला. उगं भ्या दाखवू नका.

काचपट्टी
आजाला नमस्कार. पण चुलीपुढं आजा बसायचा का आजी? तिचा खोकला आठवा जरा. बाहेरच्या हवेचं प्रदूषण २०१३ लाच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत गेलंय, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं टाकलंय, मी नाही.

गेवराईचा_ऊस
आमच्याकडं तोड झाली की पाचट पेटवतात, पऱ्हाट्या बी. रुमाल बांधून चालतं का?

काचपट्टी
रुमालातून बारीक कण आरामात जातो. एन ९५ लावा, आन दाढी असली तर कडेनं हवा शिरती, नुसतं दाबून भागत नाही, दाढी काढावी लागती. जालनेकर, आईला गच्ची कोरडी झाडू देऊ नका, ओल्या फडक्यानं पुसा म्हणावं.

जालनेकर७
सांगितलं. म्हणती फडकं मारलं की काळं पसरतंय, दोनदा घासावं लागतंय. परत झाडू घेतला.