पाचवीचा वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात न्यायचाय, आखणी कशी करू?

वर्गशिक्षिका: मुलं बेचाळीस, सोबत मी आणि आणखी एक शिक्षक. मुख्याध्यापकांनी परवानगी दिलीय, पण ‘नुसती सहल नको’ असं बजावलंय. ग्रंथपालांना आधी काय कळवायचं? आणि तासभर मुलांना काय करू द्यायचं?

ग्रंथपाल, बालविभाग: बाई, बेचाळीस मुलं एकदम आणू नका. अर्धी आज, अर्धी दुसऱ्या दिवशी. दोन कपाटांमधल्या बोळात एका वेळी चार-पाच मुलं मावतात, बाकीची मागून ढकलाढकली करतात आणि तुम्ही-आम्ही तासभर ‘शांत राहा’ एवढंच म्हणत बसतो. वाचकांची वर्दळ कधी नसते ते विचारून तीच वेळ मागा. सध्या वर्गात कोणता धडा चाललाय तेही आधी कळवा, म्हणजे त्या विषयाची पुस्तकं बाजूला काढून ठेवता येतात.

माहितीचं भाषण पाच मिनिटांत आवरायला सांगा. (आम्हा ग्रंथपालांना बोलायला माणूस मिळाला की आवरत नाही.) त्यापेक्षा दोघा-दोघांत एक चिठ्ठी द्या, तिच्यावर फक्त क्रमांक, विषय नाही. ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक क्रमांक देऊन, मांडणी असेल तर ५२३ म्हणजे ग्रहतारे, ५९८ पक्षी, ७९३.८ जादूचे प्रयोग, ५६७.९ डायनासोर. मुलं पुस्तकांच्या पाठीवरची लेबलं वाचत सरकतात, ५६७पाशी थबकतात आणि मग वाद सुरू होतो: ५६७.१२ आधी की ५६७.९? ‘बारा मोठे ना, मग नंतर!’ असं कुणीतरी म्हणतंच. तिथे लगेच मध्ये पडू नका. कपाटातला क्रम समोर असतो, त्यांचं तेच शोधून काढतात.

एक मात्र कडक नियम ठेवा. काढलेलं पुस्तक मुलांनी परत कपाटात खोचायचं नाही, टेबलावर ठेवायचं. भलत्या जागी गेलेलं पुस्तक यादीत दिसतं, पण हाताला लागत नाही.

एक पालक: संमतीपत्राबरोबरच सभासदत्वाचा अर्ज घरी पाठवा. आमच्या मुलीच्या वेळी कार्ड आधीच तयार होतं. तिथल्या तिथे पुस्तक मिळालं, तर स्वारी वाटेतच वाचायला लागली.

वर्गशिक्षिका: चिठ्ठ्यांची कल्पना आवडली. पण सगळे पालक अर्ज भरतीलच असं नाही. काहींच्या हातात पुस्तक आणि काही रिकाम्या हाताने, हे मला नको आहे.

ग्रंथपाल, बालविभाग: बरोबर आहे तुमचं. मग शाळेच्या नावाने सभासदत्व मिळतं का ते विचारा. मिळत असेल तर पुस्तकं शाळेच्या नावावर घ्या आणि देवघेवीची वही वर्गात ठेवून दोन मुलांकडे सोपवा. वही नेहमीच्या हुशार मुलांनाच देऊ नका. मागच्या बाकावरची पोरं फार काटेकोर नोंदी ठेवतात. आणि पुस्तकं परत करायची मुदत पुढच्या भेटीच्या दिवसापर्यंतची मागून घ्या, नाहीतर ती गोळा करून पोचवायचं काम तुमच्याच गळ्यात पडेल.