मदत हवी आहे: जिनिव्हाच्या दाबपाण्याचं चालतं मॉडेल

विज्ञान प्रदर्शनासाठी तेओदोर तुरेत्तिनी या अभियंता-महापौराच्या कामाचं मॉडेल करतोय. जिनिव्हाजवळचं त्याचं शेव्रचं जलविद्युत केंद्र १८९६ चं. त्याआधी, १८८६ मध्ये, जिनिव्हातल्या कुलूव्रनिएरला ऱ्होन नदीवरच्या टर्बाइनांनी पंप चालवून कारखान्यांना दाबाचं पाणी दिलं जाई. संध्याकाळी कारखान्यांनी तोट्या बंद केल्या की दाब एकदम चढे. तो सोडायला केलेली वाट म्हणजेच तिथला पहिला, सुमारे ३० मीटरचा कारंजा! हाच क्षण लोकांना दिसायला हवा.

३ मिमी तोंडातून दीड मीटर फवाऱ्याला साधारण ०.१५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब आणि मिनिटाला सव्वादोन लिटर पाणी पुरतं. १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप आहे. त्याचा प्रेशर स्विच बायपास केलाय, नाहीतर तोटी बंद होताच पंपच थांबतो. बाजारातले स्प्रिंगचे व्हॉल्व्ह बरेचदा फार जास्त दाबाला उघडतात. म्हणून व्हॉल्व्हच्या १२ मिमी बैठकीवर (पाणी सुटायच्या भोकाच्या तोंडावर) २२५ ग्रॅम वजन ठेवलंय, ते ०.२ किलोला उचललं जातं, पण दाब उतरताच आपटतं आणि फवारा तुटक येतो.

पंपाच्या पुढे उभी एअर बॉटल (आतल्या हवेनं दाबाचे धक्के शोषणारी बाटली) लावायची ठरवतोय. अर्धा इंची पाइपला ती किती लिटरची घ्यावी? व्हॉल्व्हची झडप कशाची करावी, रबर की पितळ?