सल्ला हवा: पाचगावात बंगला, ड्रेनेज नाही, एमबीआर बसवू का?

माळावरचा: आमच्या गल्लीत अजून ड्रेनेज लाईन आलेली नाही. सेप्टिक टँक आहे, पण पावसाळा लागला की शोषखड्डा पाणी घेत नाही. जुलैत दोनदा गाडी बोलावून उपसा केला. घरात सहा माणसं. एकानं मेंब्रेन बायोरिअ‍ॅक्टरचं (एमबीआर, म्हणजे जिवाणू आणि गाळणीचा पडदा वापरून सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) कोटेशन दिलंय, पाणी एकदम नितळ येतं म्हणतोय. कुणी वापरलाय का?

रंकाळ्यावरचा वारा: लाईट जाते का तुमच्याकडं? जात असेल तर विषय संपला.

माळावरचा: जाते की, वळवात तर चार-चार तास. पण त्याचा इथं काय संबंध?

पांढरा रस्सा: संबंध आहे दादा. आमच्या अपार्टमेंटचा एमबीआर मीच बघतो. साध्या प्लांटच्या टाकीत लिटरमागं 3-4 ग्रॅम जिवाणूंचा गाळ असतो, एमबीआरमध्ये 8 ते 12. म्हणून तर टाकी लहान होते. पण एवढा गाळ हवेवर जगतो. टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारा ब्लोअर थांबला की प्राणवायू बघता बघता संपतो, मग वास. पडदाही त्याच बुडबुड्यांनी घासला जातो.

पाणी नितळ येतं हे मात्र खरं. पडद्याची छिद्रं 0.04 ते 0.4 मायक्रॉनची, बहुतेक जिवाणू अलीकडंच अडकतात. विरघळलेले क्षार तसेच राहतात, त्यामुळं फ्लशला आणि झाडांना ठीक, प्यायला नाही.

आणि तेल! आषाढात टेंबलाईची जत्रा झाली, घरोघरी मटण, भांड्यातला सगळा कट सिंकमध्ये. दुसऱ्या दिवशी टाकीवर तांबूस तवंग आणि पडद्यातून पाणी ओढणाऱ्या सक्शन पंपाच्या गेजचा काटा चढलेला, म्हणजे पडदा तुंबलेला. पडदे बाहेर काढले तर त्यांच्या नळीसारख्या तंतूंना केसांचे गुंते. रात्रभर हायपोच्या (ब्लीचच्या) पाण्यात भिजत घातले. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या लाईनीला तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप आणि पुढं बारीक जाळी. तुमच्या घरी हे कोण करणार?

आता हिशेब बघा. माणशी 135 लिटर धरलं तर सहा जणांचं 810, त्यातलं सांडपाणी साधारण 650. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला माणशी 45 प्रमाणं 270 जाईल. उरलेलं 380 लिटर जुलैत कुठं सोडणार? बागेला तेव्हा पाणी लागत नाही, आणि खड्डा तर तोच. आठ-दहा घरं मिळून केलात तर एक माणूस ठेवता येईल, मग एमबीआरचं बोलू.

एक विचारतो. गच्चीचा पाईप कुठं सोडलाय?

माळावरचा: शोषखड्ड्यातच. गवंडी म्हणाला, पाणी जिरेल.

रंकाळ्यावरचा वारा: हात्तिच्या!

पांढरा रस्सा: हजार चौरस फूट गच्ची आणि दिवसाला 50 मिलीमीटर पाऊस म्हणजे साडेचार हजार लिटरच्या वर. घरातल्या सांडपाण्याच्या सातपट. कोटेशन ठेवा बाजूला. उद्या प्लंबर बोलवा आणि आधी तो पाईप तिथनं काढा.